टेबलाखालून

माझा चेहरा कुणी पाहिला नाही.
पाहण्यासारखा नव्हताच, ते सोडा.
मी टेबलाखाली, गुडघ्यांवर,
आणि उजवा हात कोपरापर्यंत
एका हिरव्या लोकरी मोज्यात.

मोजा म्हणजे घोरपड.
डोळे तुळशीबागेतले, कोटाची दोन बटणं,
जोडी जुळली नाही,
म्हणून एक डोळा कायम आश्चर्यात.
जीभ इंदुमती पासलकरबाईंच्या जुन्या ब्लाउजची.
नाव खवली.
चित्र तेव्हा सिंहगडावरच्या टॉवरवरून घरोघर उतरायचं,
आणि बाई म्हणायच्या, गडाचं काम आहे,
घोरपडीशिवाय कुणाला जमलंय?

पहिल्याच दिवशी, दिव्यांच्या उकाड्यात,
खवली पोरांना दहापर्यंत मोजायला शिकवत होती.
सहावर माझ्या दंडात अशी कळ आली
की मी म्हणालो, आठ.
टेप महाग, वेळ संपलेला.
तसंच गेलं.

पुढच्या आठवड्यात पोस्टमननं पिशवी ओतली.
पंधरा पैशांची कार्डं, साडेतीनशे.
खवली, सात राहिला.
खवली, तू ढ आहेस का?
खवली, माझा भाऊ पण सात खातो, त्याला बाबा मारतात,
तुला कोण मारतं?
वेल्ह्याकडच्या एका शाळेनं कळवलं होतं,
आमच्याकडे लाइट गेली होती,
पण गुरुजींनी सांगितलं, सात चुकला,
म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून इथून ओरडलो.
ऐकू आलं का?

तेव्हापासून सात विसरणं ही माझी नोकरी.

कार्टून निळकंठ ओतारी काढायचे.
एका सेकंदाला बारा चित्रं,
आणि चित्रामागे आपल्याला किती पैसे पडतात
हा हिशेब ते रोज करायचे, रोज बाईंना ऐकवायचे.
बाई निबंध तपासावा तशी चित्रं तपासायच्या, लाल पेननं.
दोघांचा छत्तीसचा आकडा, असं शिपायापासून सगळे म्हणायचे.

ओतारींनी तेच काढलं.
लकडी पुलाच्या कठड्यावर ३ आणि ६,
पाठीला पाठ,
शेजारी भेळेचा एकच पुडा.
नऊ सेकंद कुणी बोलत नाही.
मग ३ उठतो, कपडे झटकतो,
वळसा घालून ६ च्या पलीकडे जाऊन बसतो.
६३.
तोंडासमोर तोंड.
एवढंच. भेळ संपते.

बाईंनी ते तीनदा लावायला सांगितलं.
चौथ्यांदा चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या,
भेळेत कैरी दिसत नाही.

टेपांचं विचाराल तर
त्यांच्यावर नंतर बोंडअळीचं चर्चासत्र भरलं,
रीतसर, आवकजावक वहीत नोंद करून.
खवलीला कसर लागली.
बाई गेल्या. ओतारी लेकीकडे शिरवळला असतात,
फोनवर अजून हिशेब सांगतात.
एवढ्या वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणून
माझ्याजवळ उरलाय तो खांदा,
गोठलेला, उजवा.

त्यासाठी आठवड्यातून तीनदा कर्वे रस्त्यावर, दुसरा मजला.
तन्मयी म्हणते, हात वर, काका, दहा मोजा.
चार, पाच, सहा, आठ.
सात, ती म्हणते, मोबाइलमधून मान वर न करता.
चीटिंग नाही करायची.

चोवीसची असेल. तिचा जन्म कुठला तेव्हा.
मी काही सांगितलं नाही.
पण वर गेलेल्या हाताचा अंगठा
आपसूक चार बोटांखाली जाऊन बसला,
पंख्याकडे बघत एक तोंड उघडलं,
मिटलं,
परत उघडलं.

काका, बोटं सरळ.
पहिल्यापासून मोजा.